सुईच्या टंचाईतून पसरलेली साथ

मुंबईत एड्सची चर्चा कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीभोवती फिरत होती, त्याच काळात मणिपूरमध्ये विषाणूने वेगळी वाट धरली. सप्टेंबर 1989 पर्यंत तिथे हेरॉइन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तचाचण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्यातले निम्मे बाधित निघाले. याचे खापर म्यानमारच्या सीमेवर फोडणे सोपे आहे. सीमेवरच्या मोरे गावाच्या वाटेने ‘नंबर फोर’ हेरॉइन येत होते, हे खरेच. पण ते आधीपासून येत होते, आणि विषाणू पुडीतून नव्हे, दुसऱ्याचे रक्त लागलेल्या सुईतून जातो. खिशात सिरिंज सापडली की पोलीस धरणार. तिकडे सशस्त्र गट व्यसनी पोरांच्या पायांत गोळ्या घालणार. मग स्वतःची सुई कोण बाळगेल? ड्रॉपरला सुई बसवून केलेले एकच साधन हातोहात फिरू लागले. माझ्या मते या साथीचा वेग व्यसनापेक्षा सुयांच्या टंचाईने ठरवला. स्कॉटलंडमध्येही हेच दिसले होते. एडिंबरात सिरिंजविक्री बंद झाली, पोलिसांनी सुया जप्त केल्या; तिथल्या एका दवाखान्याने तपासलेल्या 164 जणांपैकी 51 टक्के बाधित असल्याचे 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. जवळच्या ग्लासगोत हेरॉइन काही कमी नव्हते, तरी हे प्रमाण फारच कमी राहिले.

मणिपूरने 1996 मध्ये स्वतःचे एड्स धोरण आखून स्वच्छ सुया पुरवण्याला मान्यता दिली. सुया वाटल्या की व्यसन वाढेल, हा आक्षेप तेव्हाही होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 मध्ये जगभरचे अभ्यास तपासले, तेव्हा त्याला ठोस आधार मिळाला नाही. ‘त्यांच्या कर्माची फळे’ म्हणणाऱ्यांनी मणिपूरमधल्या चुराचांदपूरकडे पाहावे: बाधित पुरुषांच्या पत्नींपैकी 45 टक्के बाधित आढळल्या. त्या बायकांनी कोणते कर्म केले होते?

खरा अवघड आक्षेप आकडेवारीचा आहे. नव्वदच्या दशकात मणिपूरमध्ये टोचून घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाधित होते. 2003 च्या सुमारास हे प्रमाण चौथ्या हिश्शावर आले. हे श्रेय सुयावाटपाचेच, असे कसे म्हणणार? एचआयव्हीवरची मोफत औषधे 2004 मध्ये सुरू झाली. त्याआधी बाधित माणसे मरत होती, आणि मेलेला माणूस सर्वेक्षणात येत नाही. त्यामुळे नुसत्या घसरणीवर विसंबू नये, हे मान्य. पण अमेरिका, युरोप वगैरे भागांतल्या 81 शहरांच्या 1997 मधल्या तुलनेत सुई-बदल केंद्रे असलेल्या 29 शहरांत बाधितांचे प्रमाण वर्षाला 5.8 टक्क्यांनी घटत होते, तर केंद्रे नसलेल्या 52 शहरांत 5.9 टक्क्यांनी वाढत होते. मृत्यू दोन्हीकडे होतेच. केवळ मृत्यूंमुळे हा फरक पडला, असे म्हणता येत नाही.

इतके पुरावे हाती असूनही नशेला पर्याय म्हणून देण्याचे बुप्रेनॉर्फिन राष्ट्रीय कार्यक्रमात 2007 नंतरच आले. 2019 च्या अंदाजानुसार प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण मिझोराममध्ये 2.32, नागालँडमध्ये 1.45 आणि मणिपूरमध्ये 1.18 टक्के होते, देशाचे 0.22. मणिपूरने 1996 मध्ये मान्य केलेल्या कामाला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा व्हायला 2017 उजाडले. अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात मात्र सेवन हा आजही गुन्हाच आहे.