चिकटलं म्हणजे टिकलंच असं नाही

वरंध गाव घाटाच्या पायथ्याला. पाऊस लागला की भोरकडे चढणारा रस्ता दरडींच्या धास्तीने वरचेवर बंद होतो आणि खाली सावित्री चढली की महाडच्या बाजारात जाण्यात अर्थ नसतो. महाड तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा दिवसांत पत्रा गळायला लागला, बादलीला चीर गेली, नळाचा सांधा निखळला, तर घरातलं माणूस फेविक्विक, सेलोटेप, सुतळी, सायकलची जुनी ट्यूब, जे हाताला लागेल ते घेऊन उठतं. कारागिराची वाट बघत बसणं इथे परवडत नाही. हे कसब मला फार मोलाचं वाटतं आणि म्हणूनच त्याला चिकटून बसलेल्या चुकीच्या समजुती दूर व्हाव्यात असंही वाटतं. त्यांच्यापायी पैसे वाया जातात आणि काही ठिकाणी जिवावर बेततं.

"फेविक्विक सगळ्याला चालतं"

सगळ्यात जास्त ट्यूब वाया जातात त्या बादली, टप आणि टाकीवर. बादली उलटी करून तळाशी बघा. त्रिकोणात एक आकडा असतो. २ किंवा ४ असेल तर ते पॉलिथिलीन, ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन. या दोन्ही प्लॅस्टिकचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर कुठलाही पातळ पदार्थ नीट पसरत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो मोत्यासारखा उभा राहील. गोंदाचंही तेच होतं. गोंद वाळतो, पण धरत नाही, आणि बादली भरून उचलली की पापुद्र्यासारखा निघून येतो. गोंद महाग घेतला की काम होईल हाही भ्रमच. फेविक्विक काय, एपॉक्सी काय, या प्लॅस्टिकपुढे दोन्ही सारखीच. काळ्या पाण्याच्या टाक्या आणि निळ्या-पिवळ्या ताडपत्र्याही पॉलिथिलीनच्याच असतात.

मग उपाय? वितळवून सांधणं. दारावर येणारे बादल्या-टप सांधणारे तापलेली लोखंडी सळई घेऊन नेमकं हेच करतात. दोन्ही कडा वितळतात आणि निवताना एकजीव होतात. यात गोंदाचा काही संबंधच नाही. घरी करायचं तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा तुकडा ठिगळाला घ्यावा, कारण पॉलिथिलीनवर पॉलिप्रोपिलीन बसत नाही. त्याआधी चिरेच्या दोन्ही टोकांना तापल्या सुईने बारीक भोक पाडावं. चीर पुढे पळते ती तिच्या टोकाशी ताण साठतो म्हणून. टोक गोल झालं की तो ताण विखुरतो. काम अंगणात, वाऱ्यावर करावं. आणि त्रिकोणात ३ दिसला तर तापवायचंच नाही. ते पीव्हीसी, जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. पीव्हीसीच्या पाइपासाठी मिळणारं सोल्युशन मात्र खरोखर उत्तम काम करतं, कारण ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळतं.

ताडपत्रीच्या कोपऱ्याची रिंग फाटली तर चिकटवायच्या भानगडीत पडूच नये. नदीतला लिंबाएवढा गोल गोटा कोपऱ्यात आतून धरावा, वरून ताडपत्री लपेटावी आणि गोट्याच्या मानेशी दोरीची गाठ मारावी. वारा जितका ओढील तितकी गाठ गोट्यावर आवळत जाते. रिंगेपेक्षा हा कोपरा जास्त दिवस टिकतो, कारण ताण एका भोकावर न येता सगळ्या घडीवर वाटला जातो.

"दमट हवेत फेविक्विक बसत नाही"

वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. फेविक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते वाळून घट्ट होत नाही. वस्तूच्या पृष्ठभागावर हवेतल्या दमटपणाचा जो अदृश्य थर असतो, त्याच्या स्पर्शाने त्यातले रेणू साखळीसारखे जुळत जातात. म्हणून आषाढात ते लवकर धरतं. बिघडतं ते वस्तू ओली असेल तेव्हा. मग वरवर पांढरी, ठिसूळ साय धरते आणि आत जोड बसतच नाही. फडक्याने पुसून, चुलीजवळ थोडी शेक देऊन, गार झाल्यावर लावावं.

त्यावर खायचा सोडा भुरभुरला की ते क्षणात दगडासारखं होतं, ही युक्ती खरी आहे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे क्रिया एकदम वेग घेते आणि फटही भरून निघते. पण हा दगड ठिसूळ असतो. मिक्सरच्या तुटलेल्या दांडीला तो चालेल, चपलेच्या पट्ट्याला किंवा वाकणाऱ्या कुठल्याही वस्तूला नाही. आणखी एक खबरदारी: सांडलेलं फेविक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नये. कापसावर ते इतक्या वेगाने घट्ट होतं की चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

लावणीच्या दिवसांत टाचांच्या भेगांत फेविक्विक भरणारी माणसं आहेत. दवाखान्यात जखम जोडायला सायनोअॅक्रिलेट वापरतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. वापरतात हे खरं, अमेरिकेत त्याला १९९८ साली परवानगी मिळाली. पण त्याची रेणूरचना वेगळी असते आणि ते निर्जंतुक असतं. घरगुती ट्यूबमधलं कातडीला झोंबतं, आणि चिखलात भिजलेल्या भेगेवर ते भरलं की जंतूही आतच कोंडले जातात. कृपा करून हे करू नका. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावं.

"जितका जास्त गोंद तितका जोड पक्का"

जोडाची ताकद दोन पृष्ठभाग किती जवळ येतात यावर असते. जाड थरात गोंद स्वतःच फाटतो. लाकडाला पांढरा फेविकॉल लावताना दोन्ही बाजूंना पातळ हात द्यावा, सुतळीने करकचून बांधावं आणि रात्रभर हात लावू नये. फेविकॉल घट्ट होतो तो त्यातलं पाणी लाकडात शिरून आणि हवेत उडून. पावसाळ्यात हे पाणी हळू उडतं, म्हणून एका रात्रीच्या दोन कराव्या. साधा पांढरा फेविकॉल पाण्याने पुन्हा मऊ पडतो, हेही लक्षात ठेवावं. दाराच्या खालच्या फळीला पाण्यात टिकणारा वेगळा प्रकार घ्यावा लागतो.

एमसीलच्या बाबतीत लोक हार्डनरचा गोळा मुद्दाम मोठा घेतात, लवकर घट्ट व्हावं म्हणून. एपॉक्सीत राळ आणि हार्डनर ठरावीक प्रमाणातच एकमेकांशी जुळतात. उरलेला हार्डनर जोड कमकुवत करतो. दोन रंग पूर्ण मिसळून एकच रंग होईपर्यंत मळावं. घाई इथेच नडते. आणि वाहत्या पाण्यावर साधं एमसील थापून उपयोग नाही. पाणी बंद करता येत नसेल तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापून, ताणत ताणत पाइपावर गुंडाळावी. तिला चिकटावं लागत नाही, ताणलेलं रबर स्वतःच गळतीवर दाबून बसतं.

आपल्याकडचा एक जुना गोंद मात्र दारातच असतो. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही. आपण फणस कापताना हाताला तेल लावतो ते त्यासाठीच. फुटकी मातीची भांडी सांधायला, भोकं बुजवायला आणि होड्यांच्या फटी भरायला हा चीक पूर्वीपासून वापरात आहे. बाजारातल्या ट्यूबपुढे त्याला कमी लेखणं चुकीचं आहे.

"गळतं तिथंच भोक"

आगोटीच्या कामांत सगळ्यात फसवं काम हेच. पाणी वर कुठेतरी शिरतं, पत्र्याच्या पोटाला धरून किंवा वाशावरून उताराने येतं आणि अडथळा आला की तिथे टपकतं. भोक बहुतेक वेळा त्याच्या बरंच वर असतं. उन्हाच्या वेळी घर बंद करून आत अंधार करावा आणि वर बघावं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करावी.

आतून एमसील थापणंही व्यर्थ. पाणी पत्रा आणि एमसील यांच्यामध्ये शिरून एमसीलला खाली ढकलतं. बाहेरून, कोरड्या आणि पॉलिश पेपरने घासलेल्या पत्र्यावर काम व्हायला हवं, आणि तिथे कडक वस्तू नकोच. ३ मीटरचा लोखंडी पत्रा मेच्या दुपारी ६० अंशांवर तापतो आणि पहिल्या सरीला २५ वर आला तर सव्वा मिलिमीटरने आखडतो. एमसील किंवा सिमेंट एवढं हलू शकत नाही, त्याला तडा जातो. डांबराची चिकटपट्टी पत्र्याबरोबर हलते. हुकांपाशी गळत असेल तर बहुधा वायसरच मेलेला असतो, तो बदलला की काम झालं.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो जुना झाला की सूचना न देता फुटतो. दोन वाशांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून जावं. जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं, म्हणून घासायचंच झालं तर ओला करून घासावा.

भर पावसात टेप लावून निभावणं यात काहीच कमीपणा नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी हवा शुद्ध करणाऱ्या चौकोनी डब्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि टेप यांच्या आधाराने गोल जागेच्या यंत्रणेला जोडल्या आणि जिवंत परतले. ती जोडणी परत येईपर्यंत टिकली म्हणजे पुरे, हे खालच्या अभियंत्यांना ठाऊक होतं. जुलैत लावलेल्या टेपलाही अशीच मुदत असावी, दिवाळीपर्यंत.

"भिजलेला मोबाइल तांदळात ठेवावा"

तांदूळ आतली ओल ओढून घेत नाहीत, उलट त्यांचा भुसा आत शिरतो. २०२४ मध्ये अॅपल कंपनीनेही तांदळात ठेवू नका असंच सांगितलं. बंद करून, वाऱ्यावर उभा ठेवावा. २२ जुलै २०२१ च्या महाडच्या पुरात आला तसा गाळ मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या मोटारीत गेला असेल तर नुसतं ऊन दाखवून बटण दाबू नये. गाळ ओल धरून ठेवतो. आधी कारागिराने मोटार उघडायला हवी.

हात लावू नये अशा जागा

फ्यूज सारखा जातो म्हणून लोक जाड तार घालतात. फ्यूजची तार बारीक असते ती घरातल्या वायरच्या आधी जळावी म्हणून. ती जाड केली की भिंतीतली वायर जळते. बाहेरच्या वायरच्या जोडावर टेप गुंडाळून ती पत्र्यावरून नेणं त्याहून भयंकर. ऊन-पावसाने टेपचा गोंद सुटतो, तार पत्र्याला टेकते आणि पत्र्याला बांधलेली कपड्यांची तारसुद्धा शॉक देते. वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पत्र्याच्या घरात तो चैन नाही, गरज आहे.

कुकरच्या सेफ्टी वॉल्व्हच्या जागी स्क्रू किंवा एमसील कधीही भरू नये. आत साधारण १२० अंशांची वाफ कोंडलेली असते. शिट्टी तुंबली किंवा पाणी आटलं तर सुटकेची तेवढीच एक वाट उरते. वॉल्व्ह गेला तर नवीन आणेपर्यंत भात पातेल्यात शिजवावा.

गॅसच्या नळीला कुठलीही टेप, कुठलाही गोंद चालत नाही. सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षं असते. नळी मऊ दिसत असली तरी मुदत संपली की बदलायची. नळीला लावलेल्या साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. हा नंबर दिवसरात्र चालू असतो.