कोंबडा अंगावर का येतो?

परतवाडा सोडून चिखलदऱ्याच्या घाटाकडे निघाले की वाटेवरच्या गावांत घरोघरी कोंबड्या चरताना दिसतात. आठ-दहा कोंबड्या, त्यांची पिल्ले आणि एक ऐटबाज कोंबडा असा हा संसार असतो. पण या कोंबड्याचा स्वभाव नेहमीच सरळ असतो असे नाही. अंगणात पाऊल टाकताच एखादा मानेची पिसे फुलवून पायांवर झेप घेतो. एखादा कोंबड्यांनाच बेजार करून सोडतो. घरचे लोक त्याला काठीने बडवतात, तरी त्याचे मारकेपण जात नाही. असे का होते? विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर कोंबड्याच्या रक्तात आहे, त्याच्या समाजात आहे आणि थोडेसे आपल्या वागण्यातही आहे.

रक्तातून फिरणारा निरोप

१८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने सहा तरुण कोंबड्यांवर एक प्रयोग केला. दोघांची वृषणे त्याने पूर्णपणे काढून टाकली. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण ठेवले, पण ते मूळ जागेपासून सुटे करून. त्यांपैकी दोघांत तर ते दुसऱ्या कोंबड्याचे होते. पहिल्या दोघांचा तुरा खुरटा राहिला आणि ते झुंजेनासे झाले. बाकीचे चौघे मात्र नेहमीसारखे आरवत व भांडत राहिले. सुट्या केलेल्या वृषणाचे जुने मज्जातंतू तुटलेले होते. तेव्हा त्यातून निघणारा काहीतरी पदार्थ रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचत असला पाहिजे, असे अनुमान निघाले. अशा पदार्थांना आज आपण संप्रेरके म्हणतो आणि वृषणातील मुख्य संप्रेरकाला टेस्टोस्टेरॉन. चार-पाच महिन्यांचा होईपर्यंत गरीब वाटणारा कोंबडा पुढे एकाएकी आडदांड का होतो, हे यावरून कळते.

चोचीने ठरणारी पायरी

सगळेच कोंबडे सदासर्वदा भांडत मात्र नाहीत. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे याने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले होते. त्यांच्यात कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो, हे त्याने १९२० नंतरच्या काळात मांडले. दहा पक्षी असतील तर त्यांच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा निकाल एकदा लागला की पुढे नुसत्या नजरेवर भागते. नवा पक्षी आणला किंवा जुना काढला, की काही निकाल नव्याने लावावे लागतात आणि भांडणे वाढतात.

पहाटेच्या आरवण्यातही हा क्रम दिसतो. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवले की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत वरच्या पायरीचा कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे पायरीपायरीने त्याच्या मागून आरवतात.

झुंजार म्हणजे क्रूर नव्हे

चांगला कोंबडा दाणा सापडला की 'कुकुक्' करून कोंबड्यांना बोलावतो. आभाळात ससाणा दिसला तर एक सूचना देतो आणि जमिनीवरून मुंगूस आले तर निराळी. कॅनडातील सुझॅन मिलमन व इयन डंकन यांनी झुंजीच्या जातीचे कोंबडे आणि मांसल जातीचे कोंबडे यांची तुलना केली. झुंजीच्या जातीचे नर दुसऱ्या नरावर अधिक त्वेषाने तुटून पडत, पण माद्यांना फारसा त्रास देत नसत. माद्यांशी आडदांडपणा करीत ते मांसल जातीचे नर. म्हणजे हे दोन गुण एकच नव्हेत. नर झुंजार आहे म्हणून तो खुराड्यात वाईटच वागेल असे नाही. मात्र कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात असू द्यावे.

अंगणात काय करावे?

कोंबड्याच्या पायावरचा काटा किती घातक असतो, हे गणिताने पाहू. समजा, अवघ्या १ किलोग्रॅम वजनाइतके बल १ चौरस मिलिमीटर टोकावर पडले. दाब सुमारे १ कोटी पास्कल होईल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १०० पट! म्हणून लहान मुलांनी मारक्या कोंबड्यासमोर वाकू किंवा बसू नये. डोळ्याला इजा होऊ शकते. जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

आपण घाबरून पळालो तर कोंबड्याला हल्ला यशस्वी झाला असे वाटते. काठीने मारले तर आपण त्याचे प्रतिस्पर्धी ठरतो. त्यापेक्षा टोपले किंवा फळी आडवी धरून स्वस्थ उभे राहावे व तो शांत झाल्यावर निघावे. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात. कमी असल्या तर त्याच त्या कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडतात. दाणे दोन-तीन ठिकाणी टाकावेत. पऱ्हाटीचा एखादा कूड अंगणात मध्येच उभा केला, तर खालच्या पायरीच्या पक्ष्याला नजरेआड होता येते.

पुढच्या पिढीचा बाप

स्वभाव काही अंशी आनुवंशिक असतो. सहज हाती लागणारा शांत कोंबडा बाजारात किंवा पाहुणचाराला गेला आणि कोणाला न सापडणारा मारका मागे राहिला, तर न कळत आपण मारक्यालाच बाप म्हणून निवडतो! म्हणून विक्रीआधीच बाप ठरवून ठेवावा.

पण एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवणेही बरे नाही. सुअल राइट या शास्त्रज्ञाच्या सूत्राप्रमाणे नर व माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला एकूण संख्येने भागले, की कळपाची 'परिणामी संख्या' मिळते. १ नर व ९ माद्या असतील तर ती फक्त ३.६ येते, २ नर व ८ माद्या असतील तर ६.४. ही संख्या जितकी लहान तितकी जवळच्या नात्यातली पिल्ले लवकर निपजतात आणि कळप दुबळा होतो. तेव्हा गावातल्या दुसऱ्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करावी. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोनेक आठवडे टिकते. म्हणून नवा कोंबडा आणल्यावर सुमारे तीन आठवड्यांनंतरची अंडी उबवायला ठेवावीत.

आता एक काम तुमच्यासाठी. आठवडाभर रोज पंधरा मिनिटे दूर बसून कोण कोणाला टोचतो, याचा तक्ता करा. कोंबड्यांना ओळखीसाठी पायात रंगीत दोरे सैल बांधा. क्रम सरळ रेषेत येतो, की कोठे त्रिकोण तयार होतो? मिळालेले उत्तर वर्गात मांडा आणि शिक्षकांशी चर्चा करा.