शिळेची अहल्या कशी करावी?

डिसेंबर महिना लागला, स्नेहसंमेलनांच्या तालमी सुरू झाल्या, की हडपसरमधील शाळांतून शिक्षकांपुढे एक जुनाच पेच नव्याने उभा राहतो. नाटुकल्यात कुठे बेडकाचा राजपुत्र व्हावयाचा असतो, कुठे शिळेची अहल्या. आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावयाची असते. हे रूपांतर कसे साधावे, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

पहिला विचार सुचतो तो दिवे मालविण्याचा. विठ्ठल तुपे नाट्यगृहासारखे बंदिस्त सभागृह मिळाले तर तो ठीक आहे. तेथे पातळ जाळीचा पडदाही उपयोगी पडतो: समोरून उजेड टाकला तर तो भिंतीसारखा दिसतो, मागून टाकला तर आरपार दिसू लागतो. परंतु बहुतेक संमेलने पटांगणात मांडव घालून होतात. सोलापूर रस्त्यालगतच्या पटांगणात दिवे मालवले, तरी रस्त्यावरचा उजेड आत येतोच. शिवाय दहा सेकंदांचा अंधार रंगमंचावरील लहान मुलांना धडकावयास पुरेसा, आणि समोरच्यांना शिट्ट्या वाजविण्यास तर पुरेसा होतोच होतो. तेव्हा उपाय हवा तो उजेडात चालणारा.

आपल्या रंगभूमीपुढे हा प्रश्न प्रारंभापासून आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकीत येई आणि मशालीवर राळ उडवून भडका केला जाई. प्रेक्षकांचे डोळे दिपत, तेवढ्यात काम होई. पुढे दादासाहेब फाळके यांनी बोलपटाच्या आधीच्या काळात कॅमेरा थांबवून, पात्र बदलून, पुन्हा चालू करण्याची युक्ती वापरली. ते स्वतः ‘प्रोफेसर केळफा’ या आपल्याच उलट्या नावाने जादूचे प्रयोग करीत, हे येथे आठवते. दोन्ही युक्तींचे मर्म एकच, की बदलाचा क्षण प्रेक्षकापासून चोरावयाचा. शाळेला कॅमेरा थांबविता येत नाही. आणि राळ किंवा फटाक्यांची दारू कृत्रिम धाग्यांचे कपडे घातलेल्या मुलांच्या जवळपासही आणू नये. तेथे कसलीही तडजोड नको.

मग उरते काय? मला वाटते, कालिदासाची युक्ती. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकाच्या चौथ्या अंकात स्त्रियांना निषिद्ध असलेल्या कुमारवनात शिरल्याने उर्वशीची लता झालेली असते. पुरूरवा वेडापिसा होऊन हिंडतो, त्याला संगमनीय मणी सापडतो, आणि तो त्या वेलीला आलिंगन देतो. त्या जागी उर्वशी प्रकट होते. परंतु राजाचे डोळे मिटलेले असतात! स्पर्श तर प्रियेचाच वाटतो. पण आजवर इतक्यांदा भ्रम झाला आहे की तो डोळे एकदम उघडण्यास धजत नाही. यात नटीला जागेवर यावयास अवधी मिळतो, हा व्यावहारिक लाभ झाला. खरे काम निराळेच होते: वेलीची उर्वशी कशी झाली हे आपण पाहत नाही, राजाला ते कसे वाटले हे पाहतो. रूपांतर पाहणाऱ्याच्या मुद्रेवर घडते.

अहल्येच्या प्रवेशात हेच करावे. वाल्मीकींची अहल्या शिळा झालेलीच नाही. ती वायुभक्षण करीत, राखेवर पडून, अदृश्यपणे राहते. पण लोकांच्या मनात शिळाच बसली आहे, तेव्हा शिळाच घेऊ. करड्या रंगाची एक जुनी घोंगडी, तिच्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मुलगी, एवढे साहित्य पुरते. रामाचे पाऊल लागताच मुलीने हलावयाचे नाही. आधी लक्ष्मणाने एक पाऊल मागे सरावे. मग वृक्ष झालेल्या मुलांनी माना वळवाव्यात. पेटीचा लांबविलेला सूर तोडावा, आणि त्या शांततेत घोंगडीखालून एक हात बाहेर यावा. मुलीने सावकाश उठावे. घोंगडी तिने फेकू नये, मागच्या वृक्षाने ती ओढून घ्यावी. वीस अंक मोजावयास लागतील इतका वेळ खुशाल जाऊ द्यावा.

बेडकाचा राजपुत्र करावयाचा असेल तर त्वरा हवी. वरचा अंगरखा आतल्या पोशाखावर सैल धावदोऱ्याने टाचावा व दोऱ्याच्या टोकास एक मोठा मणी बांधावा. मणी ओढला की कपडा उकलतो. जपानच्या काबुकी रंगभूमीवर ‘हिकिनुकी’ नावाने हीच रीत आहे. वेल्क्रोची पट्टी सोपी खरी, पण तिचा टरकन् होणारा आवाज ध्वनिक्षेपकातून सगळ्या पटांगणास ऐकू जातो. टाचण्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात.

एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सोय म्हणून पुष्कळदा दोन मुले घेतात: शापित रूपासाठी सावळे किंवा स्थूल, मुक्त झालेल्या रूपासाठी गोरे. मूल ते विसरत नाही; वर्गही विसरू देत नाही. दोन्ही रूपे एकाच मुलाने करावीत आणि चेहऱ्याला काळे फासू नये. पाठीचा बाक, जड पाऊल, घोगरा आवाज यांनी कुरूपता पुरेशी उभी राहते. सुधा करमरकर यांनी 1959 साली रत्नाकर मतकरींची ‘मधुमंजिरी’ बसविली तेव्हा चेटकीण त्या स्वतःच झाल्या. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तील दिलीप प्रभावळकरांच्या चिंची चेटकिणीवर तर मुलांनी जीव टाकला. चेटकीण ही नाटकातली मागून घ्यावी अशी भूमिका आहे, कोणाच्या माथी मारावी अशी नव्हे.

घोंगडी पहिल्या तालमीपासून वापरावी. तिचे वजन, तिची ऊब आणि आतला अंधार यांची मुलीला सवय व्हावयास दिवस लागतात. आणि शिंक येते ती हटकून पहिल्याच दिवशी.