पेंडीला पर्याय शोधताना

दूध आणि अंड्यांच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. कोंबडीपालनात तर तो ६० ते ७० टक्क्यांच्या घरात जातो. त्यामुळे पेंड किंवा मका महागला की पर्यायांची चर्चा सुरू होते: पाण्यावर वाढणारा ॲझोला, सुबाभूळ, युरिया लावलेले काड, इथेनॉल कारखान्यातून निघणारा चोथा. यातले बहुतेक पर्याय खरोखरच उपयोगी आहेत. पण ते कोणत्या जनावराला द्यायचे आणि किती, हे न विचारताच त्यांच्याबद्दल मते ठरून जातात आणि तिथेच फसगत होते.

‘ॲझोलात २५ टक्के प्रथिने आहेत, पेंड बंद केली तरी चालेल’

टक्केवारी खोटी नाही, पण ती वाळवलेल्या ॲझोलाची आहे. ताज्या ॲझोलात १०० पैकी ९३-९४ भाग पाणीच असते. किलोभर ताज्या ॲझोलातून सुका अंश मिळतो ६०-७० ग्रॅम आणि त्यात प्रथिने भरतात १५ ग्रॅमच्या आसपास. सरकी पेंडीच्या एका किलोत ती २०० ग्रॅमपेक्षा जास्त असतात. म्हणजे एक किलो पेंडीची बरोबरी करायला रोज १४-१५ किलो ॲझोला हवा. एका चौरस मीटरच्या वाफ्यातून, चांगली निगा राखूनही, रोज पाव किलोच्या आसपासच निघतो. हिशेब केला तर एका गाईच्या किलोभर पेंडीसाठी ६० चौरस मीटरचा वाफा लागतो. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचा टँकर येतो, तिथे हे पाणी आणायचे कुठून?

ॲझोला टाकाऊ मुळीच नाही. त्यात खनिजे आहेत, जीवनसत्त्वे आहेत. परसातल्या कोंबड्यांना तो उत्तम पूरक आहार आहे. वाफ्यात शेण घातलेले असते, म्हणून तो स्वच्छ धुऊन द्यावा इतकेच. पण दुधाळ गाईची पेंड तोडून ॲझोलावर भिस्त ठेवायला शेतकऱ्याला सांगणे मला अन्यायाचे वाटते. दूध घटते, गाय खंगते, आणि दोष येतो तिला सांभाळणाऱ्यावर.

‘युरिया म्हणजे विषच’

कच्चा युरिया जनावराने चाटला तर ते मरू शकते, ही भीती खरी आहे. काडावर प्रक्रिया करण्याची गोष्ट मात्र वेगळी. १०० किलो गव्हाच्या काडाला किंवा भाताच्या पेंढ्याला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडतात, थर दाबतात आणि हवाबंद झाकून २१ दिवस ठेवतात. तयार होणारा अमोनिया काडाचे कठीण तंतू सैल करतो. मूळची ३-४ टक्के प्रथिने ७-८ टक्क्यांपर्यंत जातात आणि पचनही सुधारते. खायला घालण्याआधी काड पसरून वास उडू द्यायचा. सहा महिन्यांखालील वासरे, घोडे, डुकरे आणि कोंबड्या यांना हे द्यायचे नाही.

‘गाईला चालते ते कोंबडीलाही चालते’

माझ्या मते सर्वांत महागात पडणारा समज हाच. गाय, म्हैस, शेळी यांच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. अन्न आतड्यात पोहोचण्याआधी ते त्याच्यावर काम करतात. कोंबडीकडे ही सोय नाही. सरकीतले गॉसिपॉल हे द्रव्य प्रौढ गाईच्या कोठीपोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. अंड्यावरच्या कोंबडीला तीच पेंड जास्त घातली तर साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो.

कोठीपोटातले सूक्ष्मजीवही सगळीकडे सारखे नसतात. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियातल्या गुरांना या पाल्याची बाधा व्हायची, हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत राहायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचे कारण शोधले: हवाईच्या शेळ्यांच्या पोटात हे विष मोडणारे जिवाणू होते. १९८० च्या दशकात असे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या कोठीपोटात सोडले गेले आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. पुढे त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले. आपल्याकडे उरुळीकांचनच्या ‘बायफ’ या संस्थेने, तिचे संस्थापक मणिभाई देसाई यांच्या काळात, सुबाभळीचा मोठा प्रसार केला. आजही कोरडवाहू भागात बांधावरची सुबाभूळ शेळ्यांना आधार देते. तरी एकूण चाऱ्यात ती तिसऱ्या हिश्श्याच्या आतच असावी आणि थोडी थोडी वाढवत न्यावी. घोड्याला ती देऊ नये. त्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात.

‘मक्याऐवजी ज्वारी-बाजरी घातली की अंडे कसहीन होते’

बलक फिका पडतो, हे खरे. पिवळा रंग मक्यातल्या रंगद्रव्यांचा असतो. ती गेली की रंग उतरतो. पण रंग म्हणजे प्रथिने नव्हेत. बाजरीत तर मक्यापेक्षा प्रथिने जास्तच असतात. ज्वारी पांढरी असेल तर काळजी कमी, लाल वाणांत टॅनिन जास्त असल्याने पचन अडते.

‘डीडीजीएस म्हणजे स्वस्तातली पेंडच’

मक्यापासून इथेनॉल करताना पिठूळ भाग निघून जातो आणि ढोबळमानाने दाण्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा मागे उरतो. तोच वाळवला की डीडीजीएस. मक्यातली ९ टक्के प्रथिने त्यामुळे २७ टक्क्यांच्या आसपास होतात. पण याच गणिताने बुरशीचे विषही तिप्पट होते, कारण अफ्लाटॉक्सिन इथेनॉलबरोबर निघून जात नाही. शिवाय वाळवताना माल करपला असेल तर लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल पचेनासे होते. म्हणून गडद तपकिरी, जळका वास येणारा माल पौष्टिक समजून घेऊ नये. फिकट सोनेरी रंगाचा घ्यावा. कोंबडीच्या खाद्यात त्याचे प्रमाण मर्यादितच ठेवावे लागते.

गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश एम-१ या रूपात दुधात उतरतो आणि दूध उकळून तो नाहीसा होत नाही. भारतात दुधातली त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून डीडीजीएस खरेदी करताना प्रत्येक खेपेचा अफ्लाटॉक्सिन आणि ओलाव्याचा तपासणी अहवाल मागावा, आणि ओलावा १२ टक्क्यांवर असेल तर स्वस्त मिळत असला तरी तो माल उतरवून घेऊ नये.