आघाती पाना : रचना, वापर आणि निगा

नट आवळणे ही क्रिया दिसावयास अगदी साधी आहे. परंतु मोटारीच्या चाकाचा विचार केला म्हणजे तिच्यावर किती काही अवलंबून असते ते ध्यानात येते. चार-पाच नट चाकाला जखडून ठेवतात. ते सैल राहिले तर धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. प्रमाणाबाहेर आवळले गेले, तर ज्या आटेदार दांड्यांवर ते बसतात त्या ताणल्या जातात आणि पुढे केव्हातरी तुटतात. हे काम करण्यासाठी गॅरेजांमधून आता बॅटरीवर चालणारे एक यंत्र वापरले जाते. त्यास ‘कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच’, म्हणजे तारेवाचून चालणारा आघाती पाना, असे म्हणतात.

घण आणि ऐरण

साध्या पान्याच्या ४० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाशी २५० न्यूटन, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतका, जोर लावला तर नटावर १०० न्यूटन-मीटर परिबल पडते. या परिबलालाच कारागीर ‘टॉर्क’ म्हणतात. पुष्कळशा लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना साधारणतः याच सुमाराचे परिबल लागते. अशा वेळी नट जेवढा विरोध करतो तेवढाच हातालाही जाणवतो. नट पुरेसा घट्ट झाला, याची वर्दी हातालाच मिळते.

आघाती पान्यात असे घडत नाही. त्याच्या पोटात पोलादाचा एक फिरता ठोकळा असतो. तो घण होय. त्याच्यापुढे, सॉकेट ज्यावर बसते ती चौकोनी टोकाची दांडी, ही ऐरण होय. नट सहज फिरत असेल तोवर दोन्ही एकत्र फिरतात. विरोध वाढला की घण तिरकस चरांतील गोळ्यांवरून मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. लगेच स्प्रिंग त्याला पुढे लोटते आणि त्याचे दाते ऐरणीच्या दात्यांवर वेगाने आदळतात. एका मिनिटात असे दोन-तीन हजार आघात होतात. प्रत्येक आघात क्षणभराचा असल्यामुळे हाताला केवळ कंप जाणवतो. नटावर मात्र कित्येक शे न्यूटन-मीटर परिबल पडू शकते. म्हणजे नट किती आवळला गेला हे हाताला कळेनासे होते. या यंत्राचा मुख्य गुण हाच, आणि मुख्य धोकाही हाच.

नट सोडवताना व आवळताना

गाडी सपाट, टणक जागी उभी करून हातब्रेक ओढावा व जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अटकाव लावावा. नट थोडे ढिले करूनच गाडी जॅकवर उचलावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

नट बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवावेत. नट वाकडा लागला असेल तर बोटांना ते तत्काळ कळते. यंत्र मात्र त्याला तसाच पुढे रेटून आटे खरवडून टाकते. त्यानंतर यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवून, नट चाकाला टेकेपर्यंतच चालवावे. शेजारचे नट ओळीने न घेता समोरासमोरचे घ्यावेत, म्हणजे चाक सरळ बसते. मग गाडी खाली घेऊन, निर्मात्याने सांगितलेल्या परिबलापर्यंत शेवटची आवळणी टॉर्क रेंच या मोजमापाच्या पान्याने करावी. आट्यांना तेल लावू नये. घर्षण कमी झाल्यामुळे तेवढ्याच परिबलाने दांडी अधिक ताणली जाते. सुमारे ५० ते १०० किलोमीटर प्रवासानंतर नट पुन्हा तपासावेत.

सॉकेट आघाती पान्यासाठीच बनवलेले, जाड भिंतीचे असावे. हाताच्या पान्याचे चकचकीत सॉकेट कठीण पण तुलनेने ठिसूळ असते. आघातांनी ते फुटून तुकडे उडू शकतात. म्हणून डोळ्यांना चष्मा अवश्य लावावा. आवाज १०० डेसिबेलच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा कानांचेही रक्षण करावे. ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी वा मोकळे केस फिरत्या सॉकेटजवळ येऊ देऊ नयेत. सॉकेट बदलण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. दीर्घकाळाच्या कंपाने बोटांतील रक्ताभिसरण बिघडते. म्हणून कामात अधूनमधून विश्रांती घ्यावी.

बॅटरीची निगा

तारेवाचून चालणारे पहिले विद्युत् ड्रिल १९६१ साली अमेरिकेत बाजारात आले. त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये विक्रीस आली, आणि तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच घट एकसर जोडलेले असतात. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवणे हे त्यांचे सामर्थ्य होय. परंतु तीच ऊर्जा एकदम मुक्त झाली तर आग लागते.

याकरिता बॅटरी त्याच यंत्राच्या चार्जरवर, देखरेखीखाली भारित करावी. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ती ठेवू नये. खिळे व किल्ल्या यांच्यासमवेत तिला खिशात टाकू नये. धातूने तिची दोन अग्रे जोडली जातात. बरेच दिवस काम नसेल तर ती अर्धवट भारित करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी. भारतात यासाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत.

यंत्राच्या हवेच्या फटी कोरड्या ब्रशाने साफ कराव्यात. आवरण पेट्रोल वा थिनरने पुसू नये. त्याने प्लास्टिक खराब होते. ऐरणीचे चौकोनी टोक झिजून गोलसर झाले किंवा सॉकेट त्यावर डुगडुगू लागले, तर दुरुस्तीखेरीज यंत्र चालवू नये.

आघाती पान्याने मनुष्याचे श्रम वाचतात, हे खरे. परंतु नट पुरेसा आवळला गेला की नाही याचा निवाडा आघाती पाना करू शकत नाही. तो टॉर्क रेंचने केला पाहिजे. कारण त्या चार-पाच नटांवर गाडीत बसणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो.