‘मी’ सोडायचा म्हणजे काय सोडायचे?

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने मानसशास्त्रावर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा आम्ही अधिकाराने नव्हे, गरजेने बोलत आहोत. गरज अशी, की ‘अहंकार सोडा’ हा उपदेश आम्ही दोन ठिकाणी ऐकला : एकदा कीर्तनात आणि एकदा मालकाच्या खोलीत. कीर्तनात बुवा तो स्वतःलाही करीत होते. मालकाच्या खोलीत तो फक्त समोर उभ्या असलेल्या माणसासाठी होता. शब्द एक, म्हणून अर्थही एकच काय?

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरू. मानसशास्त्रातील ‘ईगो’ हा फ्रॉइडने १९२३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मूळ जर्मन भाषेत नुसता ‘मी’ असाच लिहिला आहे. इंग्रजी भाषांतराने त्याला लॅटिन पोशाख चढविला आणि आपण त्या पोशाखाला ‘अहंकार’ म्हणू लागलो. वास्तविक हा ‘मी’ म्हणजे गर्व नव्हे. आतून वासना ओढतात, वरून सदसद्विवेकाचा धाक असतो, बाहेर जग उभे असते; या तिघांचा मेळ घालणारा तो कारभारी होय. हा कारभारी दुबळा असला, तर माणसाला हक्काच्या रजेचा अर्जही लिहिता येत नाही. अशा माणसाला ‘मी सोड’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य सांगणे होय.

युंगने पुढचे पाऊल टाकले. ‘मी’ हा केवळ जाणिवेचा मध्य; जाणीव आणि नेणीव मिळून जे सबंध मन होते, त्याच्या मध्याला त्याने ‘स्व’ म्हटले. इटलीतील मनोवैद्य रॉबेर्तो आसाजोली यांना मुसोलिनीच्या राजवटीने १९४० साली तुरुंगात टाकले होते. त्यांनी एक साधा अभ्यास सांगितला. शरीर, भावना, विचार आणि समाजातील आपली भूमिका यांच्याकडे क्रमाने पाहावे. ही माझ्याजवळ आहेत, पण ही म्हणजेच मी नव्हे, हे ओळखावे. १९६९ साली अमेरिकेत अँथनी स्युटिच, अब्राहम मॅस्लो प्रभृतींच्या पुढाकाराने या विचाराचे नियतकालिक निघाले आणि ‘ट्रान्सपर्सनल’, म्हणजे व्यक्त्यतीत, मानसशास्त्राची शाखा उभी राहिली. तिच्याजवळ प्रयोगसिद्ध पुरावा अपुरा आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो नजरेआड करू नये.

हे पुस्तकी वाटते काय? मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि वडील साचेखात्यात. त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. पुढे कित्येक वर्षे ते पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसत. कोणी विचारले, तर ‘मी साचेवाला’ म्हणत. साचा गेला आणि त्याबरोबर ‘मी’ही गेला! त्यांची देणी लढूनच मिळवावयाची होती. कोणताही ध्यानाभ्यास पगाराची जागा घेत नाही. पण ‘साचा माझ्या हाती होता, मी म्हणजे साचा नव्हे’ हे त्यांना कोणी सांगितले असते, तर ती पहाट थोडी हलकी झाली असती.

आता उलट बाजू. केन विल्बर यांनी १९८० साली एक धोका दाखविला. ‘मी’ घडण्यापूर्वीची अवस्था आणि ‘मी’च्या पलीकडची अवस्था, दोहोंत ‘मी’ नसतो. म्हणून त्या सारख्या भासतात, पण असतात भिन्न. तान्हे मूल आणि संत एक नव्हेत. आम्हांला येथे सभेतील जमाव आठवतो. घोषणा देताना प्रत्येकजण स्वतःला विसरतो; परंतु जो विचार करावयाचे विसरला तो ‘मी’च्या पलीकडे गेला नाही, अलीकडे घसरला.

आमचाच दाखला देतो. एका कारखान्यात तडजोडीच्या अटी बऱ्या होत्या, पण श्रेय दुसऱ्या संघटनेला जाणार होते. आम्ही ‘तत्त्वाचा प्रश्न’ म्हणून त्या झिडकारल्या. दोन महिन्यांचा पगार बुडाला आणि शेवटी त्याच अटी पत्करल्या. त्या दिवशी आमच्या ‘मी’ने ‘आम्ही’चा सदरा घातला होता.

सारांश, ‘मी’ आधी उभा करावा, मग ओलांडावा. उपदेश करणाऱ्याला एवढेच विचारावे : हा ‘मी’ सोडल्याने माझी दृष्टी विस्तारते, की फक्त तुमची सोय होते? आणि संघटकाने हाच प्रश्न रोज रात्री स्वतःला विचारावा. आम्ही विचारतो, उत्तर दरवेळी आवडतेच असे नाही.