माणसे सांभाळण्याचे शिक्षण

व्यापारी घरातल्या मुलाला भावताव कोणी मुद्दाम शिकवत नाही. शाळा सुटली की तो दप्तरासह पेढीवर येतो, आजोबांच्या शेजारी बसतो आणि पाहत राहतो. कापडाचा पोत बोटांनी ओळखणे, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला हसतमुखाने टाळावी, रोजमेळ जुळल्यावाचून दुकान बंद करू नये, हे सारे त्याच्या अंगी नकळत उतरते. एक गोष्ट मात्र या वारशात क्वचितच मिळते. हाताखालच्या पाच-पंधरा माणसांना काम कसे नेमून द्यावे, नव्याला कसे शिकवावे, जुन्याची चूक त्याला कशी सांगावी, याचा पाठ गादीवर सहसा होत नाही.

पूर्वी त्याची उणीव फारशी भासली नाही. नोकर ओळखीच्या घरातला असे, एकदा पेढीवर आला की तिथेच म्हातारा होई. आज त्याच पेढीचे दुमजली दालन झाले आहे. हाताखाली बारावी झालेली मुले-मुली आहेत, आणि थोडा अधिक पगार मिळाला की पलीकडच्या मॉलमध्ये जाण्यास त्यांना कोणतीही अडचण नाही. ‘हल्लीची पोरे टिकत नाहीत,’ अशी तक्रार प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण अपुरी आहे. पगारासाठी जाणारे जसे असतात, तसे गिऱ्हाइकांदेखत रोज होणाऱ्या पाणउताऱ्याला कंटाळून जाणारेही असतात, आणि हे दुसरे कारण जाताना सहसा कोणी सांगत नाही.

माणसे हाताळणे ही उपजत देणगी असते, ती शिकवता येत नाही, हा समज जुना आहे. त्याला मोठा धक्का बसला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४० साली तेथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी योजना सुरू झाली. पुढे कारखान्यातले कसबी कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कधीही यंत्राला हात न लावलेली माणसे आली, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांना शिकवणार कोण? मुकादम. पण मुकादमाला शिकवायचे कसे हे कोणी शिकवले नव्हते. म्हणून दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचे, अवघ्या दहा तासांचे छोटे अभ्यासक्रम रचले गेले: एक काम शिकवण्याचा, एक माणसांशी संबंध राखण्याचा, एक कामाची पद्धत सुधारण्याचा. १९४५ पर्यंत साडेसतरा लाखांच्या आसपास प्रमाणपत्रे दिली गेली. युद्धानंतर हीच पद्धत जपानमध्ये नेण्यात आली आणि तेथील कारखान्यांनी ती मनापासून जोपासली.

त्यातील काम शिकवण्याची रीत चार पायऱ्यांची होती. आधी शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी, मग काम करून आणि सांगून दाखवावे, मग त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि शेवटी त्याला एकटे सोडून अधूनमधून पाहत राहावे. ऐकायला हे अगदी साधे वाटते. पण ताग्यातून कापड मोजून फाडण्याचे काम नव्या मुलाला शिकवताना दुकानात काय घडते? ‘बघ, असं करायचं,’ असे म्हणून जुना विक्रेता दोन मिनिटांत फाडून दाखवतो. कापड ताणून मोजू नये, मापण्याआधी टोकाचा दोष पाहावा, कात्री कुठे थांबवावी, या खुबी त्याच्या हातात असतात, जिभेवर नसतात. मुलगा पहिल्याच आठवड्यात अर्धा मीटर कापड वाया घालवतो आणि बोलणी खातो. चूक कोणाची, हा प्रश्न या शिक्षणाने प्रथम शिकवणाऱ्याला विचारायला लावला.

माणसांशी संबंध राखण्याचे सूत्रही असेच नेमके होते. काम कसे चालले आहे हे प्रत्येकाला कळू द्यावे. चांगले काम केले तर श्रेय वेळेवर द्यावे. ज्या बदलाची झळ त्याला लागणार तो आधी सांगावा. आणि त्याच्या अंगच्या गुणाचा पूर्ण उपयोग करून घ्यावा. यांपैकी तिसऱ्या मुद्द्यावर व्यापारी घरे फार चुकतात. संगणकाची नवी बिलपद्धती सोमवारी सुरू होणार हे कुटुंबात रविवारी रात्री जेवताना ठरते आणि काउंटरवरच्या मुलीला ते सोमवारी सकाळी, पहिले गिऱ्हाईक समोर उभे असताना कळते.

कामाच्या जागीच पारख करून पात्रता देण्याची घडी पुढे ब्रिटनने बसवली. १९८६ साली तेथे राष्ट्रीय व्यावसायिक पात्रतांसाठी परिषद स्थापन झाली. वर्गातल्या लेखी परीक्षेऐवजी उमेदवार प्रत्यक्ष काम कसे करतो हे परीक्षक पाहतो, त्याने आखलेली कामाची वाटणी, घेतलेल्या बैठकीची टिपणे, सहकाऱ्यांची साक्ष हे सारे पुरावे म्हणून तपासतो आणि अमुक निर्णय का घेतला हे विचारतो. आजही तेथे नेतृत्व आणि व्यवस्थापनाच्या पात्रता स्तरांनुसार मिळतात. पहिल्यांदाच चार माणसे हाताखाली आलेल्यासाठी तिसरा स्तर, मधल्या फळीच्या व्यवस्थापकासाठी पाचवा, वरिष्ठांसाठी सातवा.

भारतातही अशी चौकट आहे, पण बाजारपेठेत तिची माहिती कमी. २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. प्रारंभी त्यात दहा स्तर होते, २०२३ मध्ये त्याची फेररचना होऊन आठ झाले. किरकोळ व्यापाराच्या कौशल्य परिषदेने विक्री सहायकापासून टीम लीडर, विभाग व्यवस्थापक आणि स्टोअर मॅनेजरपर्यंतच्या पात्रता ठरवल्या आहेत. टीम लीडरने काय करून दाखवावे हे त्यात लिहिलेले असते: काम वाटून देणे, ते तपासणे, गिऱ्हाइकाची तक्रार सोडवणे, सहकाऱ्यांची क्षमता वाढवणे. वर्षानुवर्षे काम केलेल्या पण हाती कागद नसलेल्या माणसासाठी पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोयही या व्यवस्थेत आहे. ज्या दिवाणजींनी तीस वर्षे दुकान सांभाळले, त्यांना विशीतल्या मुलांबरोबर बाकावर बसण्याची गरज नाही.

दिवाणजींचा विषय निघालाच, तर या शिक्षणातील सर्वांत अवघड पाठ त्यांच्याच टेबलाशी होतो. मालकाचा मुलगा किंवा सून अभ्यासक्रम करू लागते. तिला एका सहकाऱ्याच्या कामाचा आढावा घेऊन तो लेखी मांडायचा असतो. माल आल्याची नोंद दिवाणजी दोन-दोन दिवस उशिरा करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. ज्यांनी नवऱ्याला लहानपणी खांद्यावर घेऊन बाजार दाखवला, त्यांना सुनेने काय म्हणायचे? पुस्तक म्हणते, एकांतात बोला, स्वभावावर नव्हे तर घडलेल्या गोष्टीवर बोला, आणि आधी त्यांचे ऐका. ‘दिवाणजी, मंगळवारची गाठ गुरुवारी चढली. मध्ये काही अडचण आली होती का?’ एवढेच विचारले, तर कदाचित कळेल की त्यांना संगणकाच्या पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि ते सांगण्याची लाज वाटते. मग उपाय चष्म्याचा होतो, अपमानाचा नव्हे. ‘तुमचं आता वय झालं,’ या एका वाक्याने मात्र तीस वर्षांचा माणूस कायमचा दुरावतो, आणि त्याच्याबरोबर कोणत्या गावचा कोणता व्यापारी कसा, ही कोणत्याही वहीत न लिहिलेली माहितीही जाते.

लगीनसराईचे आणि दिवाळीचे वेळापत्रक हा दुसरा कसोटीचा विषय. अभ्यासक्रमात त्याला कामाचे नियोजन म्हणतात. जैन वाचकाला त्यासाठी परका शब्द शोधावा लागत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आहे आणि अन्नपाननिरोधही आहे. बैलाच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल जागरूक असणाऱ्या घराने धनत्रयोदशीच्या गर्दीत काउंटरवरची मुलगी दुपारी जेवली की नाही, हे विचारायला हवे. जेवणाच्या पाळ्या आधी लिहून भिंतीवर लावल्या तर विचारावेही लागत नाही.

कायद्याचा भाग बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो, तरी एक कलम दुर्लक्षिता येणार नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. त्याहून लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरचीच माणसे आहेत, या समजुतीवर ही जबाबदारी टळत नाही.

एक भीती पुष्कळ घरांत बोलून दाखवली जाते. नोकराला शिकवले, प्रमाणपत्र मिळाले, की तो निघून जाईल. काही जातीलही. पण न शिकवलेला माणूस वीस वर्षे टिकला तर दुकानाचे काय होते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय पात्रता केवळ मुलांनी घ्यायची आणि जुन्या विक्रेत्यांनी नाही, असा भेद केला तर अभ्यासक्रमाचा अर्धा अर्थ तिथेच संपतो.

प्रवेश घेण्यापूर्वी मात्र चौकशी करावी. कौशल्याच्या नावाने चकचकीत कागद विकणारेही बाजारात आहेत. पात्रतेचे नाव आणि क्रमांक राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत आहे का, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, आणि परीक्षा शिकवणाऱ्याहून वेगळी संस्था घेणार आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. आठवड्याभरात, दुकानात पाऊल न टाकता प्रमाणपत्र देऊ असे कोणी म्हणाले, तर तेथून उठावे.

वेळेचे म्हणाल, तर चातुर्मासाचा आरंभ सोयीचा. लगीनसराई सरलेली असते, सणांची गर्दी अजून दूर असते, आणि दुपारी दोन ते चार दुकानात शांतता असते. लेखी काम त्या दोन तासांत होते. परीक्षकाची भेट मात्र अशा संथ दुपारी ठेवू नये; शनिवारी संध्याकाळी, माणसे खरोखर कामात असताना ठेवावी.